मुलांच्या खोलीत आधी जमीन मोकळी असावी

लहान मुलाची खोली लावायची म्हटले की बहुतेक घरांत पहिला विषय पलंगाचा निघतो, मग कपाटाचा, मग अभ्यासाच्या टेबलाचा, आणि या तीन वस्तू भिंतींना लागल्या की उरलेल्या जागेत मूल खेळेल असे गृहीत धरले जाते. माझे मत नेमके उलट आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मोकळी जमीन, आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपण प्रथम हे विचारले पाहिजे की तू या जमिनीतला किती भाग घेणार आणि त्याच्या बदल्यात मुलाला काय देणार. आमची मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली लहान खोली तिला द्यायची ठरली, आणि तेव्हापासून या प्रश्नाने मी सगळा विचार केला आहे.

शहरातल्या फ्लॅटमधली दुसरी बेडरूम पुष्कळदा नऊ बाय दहा फुटांची, म्हणजे 90 चौरस फुटांची असते. सव्वासहा बाय तीन फुटांचा एकेरी पलंग त्यातले जवळजवळ 19 चौरस फूट घेतो, चार बाय दोनचे कपाट 8 आणि तेवढेच टेबल आणखी 8. म्हणजे 35 चौरस फूट इथेच गेले. याशिवाय कपाटाची दारे उघडायला, खुर्ची मागे सरकवायला आणि खोलीचे दार आत फिरायला जी जागा लागते ती नकाशात मोकळी दिसली तरी तिथे ठोकळ्यांचा किल्ला उभा राहू शकत नाही. या वयाचे मूल भातुकली मांडते ती जमिनीवर, चित्र काढते ते पोटावर पालथे पडून, आगगाडी चालवते ती गुडघ्यांवर रांगत. टेबलाशी ते फार तर पंधरा-वीस मिनिटे बसते. असे असताना अर्धी खोली त्याच्या फारशा उपयोगाच्या नसलेल्या सामानाला देणे मला पटत नाही.

पलंगाबद्दल आपल्या घरांची रीत लक्षात घ्यावी. मुलाला स्वतंत्र खोली दिली तरी ते पुढची काही वर्षे आई-बाबांजवळ किंवा आजीच्या कुशीत झोपते, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मग दिवसभर रिकामा आणि रात्रीही बहुधा रिकामाच राहणारा पलंग आताच कशाला? आम्ही सहा बाय तीनची कापसाची गादी करून घेतली. ती दुपारी अंथरता येते, संध्याकाळी घडी करून भिंतीला लावली की बैठक होते, आणि कापूस बसला की पिंजून पुन्हा भरता येतो. मात्र फरशीवर गादी कायमची पडू देऊ नये, कारण पावसाळ्यात तिच्या खालच्या बाजूला ओल धरते आणि बुरशी येते. रोज उचलणे आणि ऊन मिळेल तेव्हा वाळवणे हे काम स्वीकारायची तयारी असेल तरच गादी घ्यावी. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी बुटका, पायाखालून केर काढता येईल असा साधा लाकडी दिवाण पाहावा. दोन मजली पलंग जागा वाचवतो म्हणून अनेकांना मोह होतो, परंतु सहा वर्षांखालच्या मुलाने वरच्या पलंगावर झोपू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि आपल्याकडे त्याहून मोठी अडचण छताच्या पंख्याची आहे. नऊ-साडेनऊ फुटांच्या छताला लटकणारा पंखा आणि वर उभे राहिलेले मूल यांच्यात अंतर किती उरते ते फीत लावून मोजावे. पलंग, बाक किंवा खेळण्यांचे खोके खिडकीखाली ठेवणेही टाळावे. ग्रिल असली तरी तिच्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी आहे का हे पाहावे, आणि आडव्या पट्ट्यांची ग्रिल ही मुलाला शिडीच वाटते हे विसरू नये.

मोठ्यांच्या मापाचे टेबल आणून त्याला उंच खुर्ची लावण्यात मला मुलावर अन्याय दिसतो, कारण त्याचे पाय लोंबकळतात आणि बसणे-उठणे दुसऱ्याच्या हाती जाते. साधारण एक मीटर उंचीच्या मुलाला बसायला जमिनीपासून 26 सेंटिमीटर उंचीची बैठक आणि 46 सेंटिमीटर उंचीचे टेबल पुरते. शाळेच्या बाकांसाठीच्या युरोपीय मानकातही एवढेच माप दिलेले आहे. आपल्या स्वयंपाकघरातला पाट आणि देवघरातला चौरंग यांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केले आहे, आणि चौरंगापुढे मांडी घालून बसलेल्या मुलाला खुर्ची लागतच नाही. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत ‘बालगृह’ ही लहान मुलांची शाळा सुरू केली, तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी, लहान टेबले आणि खुर्च्या करून घेतल्या. मुलाला वस्तू हलवता आली पाहिजे, हा त्यातला गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी या गावी ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा हाच विचार महागड्या साधनांशिवाय, गावात मिळणाऱ्या वस्तूंनी चालवून दाखवला. माँटेसरी नावाखाली पुष्कळ पैसे घेऊन विकले जाणारे फर्निचर पाहते तेव्हा मला बोर्डीची आठवण येते. बिया, शिंपले, गुळगुळीत दगड आणि कापडाचे तुकडे भरलेल्या चार परड्या मुलीच्या खोलीत आहेत आणि विकतच्या खेळण्यांपेक्षा त्यांच्यावर तिचे लक्ष अधिक वेळ टिकते. झाकणाची पेटी मात्र आम्ही घेतली नाही. जड झाकण बोटांवर किंवा मानेवर पडू शकते.

कपाटाचा प्रश्न उंचीचा आहे तसाच तोलाचाही आहे. कपडे टांगण्याची दांडी तीन फुटांवर घेतली की मुलाला स्वतःचा फ्रॉक किंवा सदरा निवडता येतो, आणि वरचा अर्धा भाग मोठ्यांनी अंथरुणे-पांघरुणे ठेवायला वापरावा. परंतु खालचे खण ओढून त्यांची पायरी करत वर चढणे हा मुलांचा स्वभाव आहे. उघड्या खणांमुळे भार पुढे येतो, त्यात मुलाचे वजन पडले की उभे कपाट किंवा खणांचे टेबल त्याच्या अंगावर येऊ शकते. म्हणून कंबरेपेक्षा उंच असलेली प्रत्येक वस्तू लोखंडी क्लॅम्पने भिंतीला आवळलीच पाहिजे. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत स्क्रू धरून ठेवणारा नेहमीचा प्लॅस्टिकचा गट्टू पक्का बसत नाही, तेव्हा ब्लॉकसाठीचे वेगळे, लांब गट्टू मिस्त्रीकडून आवर्जून वापरून घ्यावेत.

आता लाकूड. आमच्या सुतारकाकांनी प्रथम ‘कमर्शियल’ प्लाय सुचवला होता, म्हणजे आयएस 303 या भारतीय मानकातला एमआर, अर्थात फक्त दमट हवेपुरता टिकणाऱ्या दर्जाचा. त्यात सामान्यतः युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्यातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या अपायकारक वायूचा वास बंद खोलीत बराच काळ रेंगाळतो आणि ओल या प्लायला सोसत नाही. आयएस 710 चा मरीन प्लाय फिनॉलच्या गोंदाने जोडतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड कमी सुटते आणि पावसाळ्यात तो फुगत नाही. किंमत जास्त आहे हे खरे, पण वस्तूच कमी केल्या तर ती परवडते. तयार फर्निचरमधल्या भुशाच्या फळीची कड एकदा उघडी पडली की पाणी लागून ती फुलते आणि स्क्रू सैल होतो. घ्यायचीच असेल तर फॉर्मल्डिहाइड कमी सुटत असल्याचा ई-1 किंवा ई-0 असा दर्जा विचारावा आणि सर्व कडा बंद आहेत का हे हात फिरवून पाहावे. कोपरे गोल करायला सांगितले तेव्हा काका म्हणाले, “ताई, सनमायका गोलाईवर नीट बसत नाही, तिथे सागाची पट्टी लावू.” ती पट्टी घासून पॉलिश केली, आणि आता तिच्यावर कपाळ आपटले तरी जखम होण्याची भीती फार कमी झाली आहे.

रंगाविषयी एवढेच सांगते की भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) कमी असावे असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, तेव्हा डब्यावर तसा उल्लेख पाहावा. घर जुने असेल तर दारे-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट मूल घरात असताना कोरडा घासू नये; त्या धुळीतले शिसे हा खरा धोका आहे. नवे फर्निचर आणि रंग झाल्यावर निदान दोन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून मगच खोली वापरावी.

सजावटीत मी हात आखडता घेतला. परीकथेतला किल्ला किंवा कार्टूनमधले पात्र सबंध भिंतीवर चिकटवले की ते मोठ्यांनी ठरवलेले एकच स्वप्न मूल रोज पाहते, आणि वर्षभरात त्याची आवड बदलते. फिकट, धुता येणारा रंग, एका भिंतीवर जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत काळ्या फळ्याचा रंग आणि तिची स्वतःची चित्रे टांगायला अडीच फुटांवर एक सुतळी, एवढ्यावर भिंती पूर्ण झाल्या. सावंतवाडीच्या चितार आळीतून आणलेली लाकडी फळे खालच्या फळीवर आहेत, तिच्या हाताला येतील अशी. पडदे सुती आहेत. दोरीने ओढायचे ब्लाइंड मुद्दाम टाळले, कारण लोंबती दोरी गळ्याभोवती अडकू शकते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी घसरते, म्हणून तिच्याखाली रबराची जाळी अंथरली.

कपाटाच्या आतल्या बाजूंना सुतारकाकांकडून दर चार इंचांवर भोके पाडून घेतली आहेत, म्हणजे मुलगी वाढेल तशी दांडी आणि फळ्या वर नेता येतील. खिडकीपासून दूरच्या भिंतीलगत दिव्याचे बटण आणि प्लगही आताच बसवून ठेवला आहे. ती आपण होऊन स्वतंत्र झोपायला तयार होईल तेव्हा पलंग तिथे येईल.