परत येणारे फूल

पावसाळ्यात फोंड्याच्या आमच्या बॅडमिंटन हॉलच्या पत्र्यावर सर कोसळू लागली की गुण ओरडून सांगितले तरी नेटपलीकडे ऐकू जात नाहीत. त्या आवाजात मी तीन वर्षे एकाच माणसाकडून हरत आलो. ते निवृत्त शिक्षक आहेत, साठी ओलांडलेले, एका गुडघ्याला कायमचा पट्टा बांधलेले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांना स्मॅश, म्हणजे वरून खाली जोराने हाणलेला फटका, असा नाहीच, आहे तो बचाव. मी सगळा जीव एकवटून मारावे आणि ते फूल (आमच्याकडची जुनी मंडळी शटलला अजून फूलच म्हणतात) सरांच्या रॅकेटला नुसते टेकून पुन्हा माझ्याच मागच्या रेषेवर येऊन पडावे, असे एका रॅलीत चार-पाच वेळा झाले की शेवटी दमून नेटमध्ये मारणारा मीच असे. त्यावर सर पलीकडून विचारीत, "घाई कित्याक रे?"

आता वाटते की मीच त्यांना पोसत होतो. सोळा पिसांचे आणि जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे ते फूल हवेत फार लवकर मंदावते. मागच्या रेषेपासून नेटच 6.70 मीटरवर, त्यापुढे सरांपर्यंतचे अंतर वेगळे. तेवढ्यात स्मॅशची धार निम्मी उतरलेली असते, पण फूल परत धाडण्यापुरता जोर मात्र त्यात शिल्लक राहतो. सरांना स्वतःच्या पदरचे काही घालावे लागत नसे. माझ्या भांडवलावर त्यांचा धंदा चालला होता.

हे कळले ते खांदा दुखावल्यामुळे. एका संध्याकाळी जोराने मारणे शक्यच नव्हते, म्हणून मी अर्ध्या जोराचे फटके, नेटलगतचे ड्रॉप आणि उंच टॉस यांवर वेळ काढू लागलो, तर सरांचे परतीचे फटके चक्क आखूड पडू लागले. सवड मिळाल्यामुळे त्या दिवशी प्रथमच मी फुलाऐवजी त्यांच्या हाताकडे पाहिले. फटक्याची वाट पाहताना ते बॅकहँडची (हाताची पाठ पुढे करून मारण्याची) पकड धरून, अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर सपाट टेकवून उभे राहत. त्या पकडीत छाती, पोट आणि डावी बाजू अगदी सुरक्षित असते. पण उजव्या काखेपासून कमरेच्या हाडापर्यंतची वीतभर पट्टी अशी असते की तिथे फूल आले तर कोपराला जायला जागाच उरत नाही.

अर्थात ती पट्टी मागून कुणी देत नाही. आधी ड्रॉप टाकून त्यांना पुढे ओढायचे, मग टॉसने मागे पाठवायचे, त्यांची लिफ्ट (खालून उंच उचललेला फटका) आखूड पडेपर्यंत हात आवरायचा, आणि ती पडली की कोर्टाच्या मध्यावरून, फार जोर न लावता, सरळ त्या काखेकडे मारायचे. यात सगळ्यांत अवघड काम हात आवरण्याचे. उंच आलेले फूल न मारता सोडताना दातओठ खावे लागतात.

निव्वळ आक्रमणाने असा बचाव फुटतच नाही, असे मी म्हणणार नाही. 2017 साली ग्लासगोच्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जपानच्या नोझोमी ओकुहाराने पी. व्ही. सिंधूला 110 मिनिटे झुंजवून हरवले. त्यात एक रॅली 73 फटक्यांची होती. दोनच वर्षांनी बासेलला त्याच ओकुहाराला सिंधूने 38 मिनिटांत 21-7, 21-7 असे उडवून लावले. पण त्यासाठी सिंधूची उंची लागते आणि सिंधूचा खांदा लागतो. माझ्या खांद्याला त्या आठवड्यात आयोडेक्स लागत होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी सरांकडून पहिला गेम घेतला, 21-19. ते काही बोलले नाहीत. घामाने चिंब झालेल्या मुठीचा टॉवेल-ग्रिप उलगडून पुन्हा गुंडाळत बसले. बाहेर गाड्यावर पातळभाजी-पाव खाताना त्यांनी फक्त खांद्याची चौकशी केली.

सोमवारी पहिल्याच रॅलीत आखूड लिफ्ट आली आणि मी मोठ्या विश्वासाने त्या ठरलेल्या जागी फूल मारले. सर मात्र अर्धे पाऊल डावीकडे सरकून उभे होते. काखेत अडकायचे ते फूल आता हातभर अंतरावर, फोरहँडला अगदी ऐसपैस मिळाले, आणि माझ्या मागच्या रेषेवर येऊन पडले.