मान डोलावली म्हणजे होकार नव्हे

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या कायद्याच्या, प्रकरणांत कर्णबधिर मुलांचा जबाब घ्यायचा असला की मला दुभाषी म्हणून बोलावतात. गाव-शाळा सांगणार नाही, ओळख उघड करायला कायद्याचीच मनाई आहे. मुलगी निवासी शाळेतली. दुभाषी म्हणून शाळेतल्याच बाईंना बसवायचं घाटत होतं. उपनिरीक्षक मॅडमनी ते मोडलं, कारण संशय वसतिगृहातल्या कर्मचाऱ्यावर होता. मुलाची भाषा समजणाऱ्याची मदत घेण्याची तरतूद या कायद्यात आहे, पण तो माणूस आरोपीच्या गोटातला नसावा हे कुणाला तरी सुचावं लागतं.

जबाब मुलीच्या घरी, मॅडम साध्या कपड्यांत. मी खिडकीकडे पाठ करून बसले असते तर माझा चेहराच तिला दिसला नसता, म्हणून आधी जागा बदलली. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर रोखलेला. तोही मागे घ्यायला लावला. खुणांच्या जबाबात हात दिसले नाहीत तर उरलं काय?

"त्याने हात लावला?" मान डोलली. "रात्री?" डोलली. "सकाळी?" तरी डोलली. मी मॅडमना थांबवलं. समोरच्याचं कळलं नाही तरी ही मुलं मान डोलावतात, म्हणजे मोठी माणसं पिच्छा सोडतात. "आज विमानाने आलीस का, असं विचारून बघा. तेही रेकॉर्डवर राहू दे." त्यालाही मान डोललीच.

मग हो-नाहीचे प्रश्न बंद. कागद-पेन्सिल दिली, आणि "पुढे काय झालं?" एवढंच विचारत राहिलो. तिने खाटा काढल्या, दार काढलं, दिवा काढून त्यावर फुली मारली. अंधारात खुणा दिसत नाहीत. दिवा कुणी घालवला, विचारल्यावर तिने मिशी आणि कमरेच्या चाव्या दाखवल्या. आईला राहवेना, तिने लेकीचे हात घट्ट धरले. मी ते सोडायला सांगितले, तेव्हा आई माझ्यावर चिडली. साहजिक होतं, पण हात धरणं म्हणजे इथे तोंड दाबणंच.

शरीराच्या काही भागांसाठी तिच्याकडे खुणाच नव्हत्या, तिने बोट दाखवलं. फळं, पक्षी, वाहनं सगळं शिकवलं होतं, हे नाही. पुढे मी त्या शाळेतल्या मोठ्या मुलींना या खुणा शिकवायला गेले. १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोन क्रमांकाची माहिती दिली, तर एकीने तिथेच विचारलं, "फोनवर आम्ही बोलायचं कसं?" तेव्हापासून खुणा येणारी, शाळेबाहेरची एक ताई तिथे नेमाने जाते आणि मुलींना एकेकटीला भेटते.