एकाच रक्ताचे दोन आकडे

शिकागोतल्या एका रुग्णालयाच्या मूत्रपिंड प्रत्यारोपण विभागात मी समन्वयक परिचारिका आहे. आमचे काम शस्त्रक्रियेभोवती फिरत असेल असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ते बहुतांशी तारखांचे काम आहे. मृत दात्याचे मूत्रपिंड कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या राष्ट्रीय गुणपद्धतीत प्रतीक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक गुण मिळतो. ही प्रतीक्षा डायलिसिस सुरू झाल्यापासून मोजतात, किंवा यादीत नाव असताना मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, २० किंवा त्याखाली आल्यापासून. ती २१ असेल तर रुग्ण उंबरठ्याबाहेर आणि २० असेल तर आत, इतका साधा आणि इतका कठोर तो नियम आहे.

१६ जानेवारी २०२३ हा सोमवार होता. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी असते, त्यामुळे बाह्यरुग्ण विभाग बंद होता. पण मूत्रपिंड सुट्टी पाहून उपलब्ध होत नाही, म्हणून प्रत्यारोपण विभागात आम्ही मोजकी माणसे हजर होतो. नेमक्या त्याच महिन्याच्या ५ तारखेपासून एक नवा नियम लागू झाला होता आणि मी त्याच्याच फायली घेऊन बसले होते.

तो नियम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ईजीएफआर थेट मोजला जात नाही. रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ), वय आणि लिंग यांवरून तो सूत्राने काढतात. १९९९ सालापासून प्रचलित झालेल्या सूत्रांत आणखी एक घटक होता : रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला एका ठरावीक संख्येने गुणायचे. २००९ च्या सूत्रात ती संख्या १.१५९ होती, म्हणजे वर्णापोटी सुमारे १६ टक्के वाढ. अभ्यासातल्या कृष्णवर्णीय रुग्णांत तेवढ्याच गाळणक्षमतेला क्रिएटिनिन सरासरीने अधिक आढळले होते, आणि त्यांच्या शरीरात स्नायूंचे प्रमाण जास्त असते असे अत्यंत तुटपुंज्या आधारावर त्याचे कारण देण्यात आले. परिणाम असा की कागदावर त्यांचे मूत्रपिंड होते त्यापेक्षा चांगले दिसू लागले. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत, पण डायलिसिसवर असलेल्यांत त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांहून अधिक आहे. ज्यांना हा आजार सर्वांत जास्त गाठतो, त्यांनाच सूत्र सांगत होते की तुम्हाला अजून वेळ आहे. २०२१ मध्ये वर्ण वगळलेले सूत्र आले, २०२२ मध्ये प्रत्यारोपणाच्या यादीसाठी जुन्या सूत्राला मनाई झाली, आणि २०२३ च्या नियमाने प्रत्येक केंद्राला सांगितले की यादीतल्या प्रत्येक कृष्णवर्णीय रुग्णाचे जुने अहवाल वर्षभरात तपासा आणि त्यांची हिरावलेली प्रतीक्षा त्यांना परत द्या.

त्या दिवशीची फाईल एका निवृत्त बसचालकाची होती. सप्टेंबर २०२० पासून ते डायलिसिसवर होते आणि त्यांची प्रतीक्षा तेव्हापासूनच मोजली जात होती. आमच्या संगणकात त्याआधीचे काही नव्हते, म्हणून मी त्यांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने सगळे कागद वर्षवार लावून ठेवले होते; अशा बायकांवर आमचा विभाग किती अवलंबून आहे हे कोणत्याही अहवालात लिहिलेले सापडणार नाही. मार्च २०१७ चा कागद सापडला तेव्हा बसचालक फोनवर म्हणाले, "इथे दोन आकडे छापलेत, मॅडम. कुठला वाचू?"

मी दोन्ही वाचायला सांगितले. वय ५६, क्रिएटिनिन ३.६. एका ओळीत 'आफ्रिकन अमेरिकन नसल्यास' १८, दुसऱ्या ओळीत 'आफ्रिकन अमेरिकन असल्यास' २१. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण रक्त तर एकदाच काढलं होतं."

त्या वेळच्या डॉक्टरांनी दुसऱ्या ओळीतला २१ हा आकडा पाहून, प्रत्यारोपणाचा विचार करायला अजून अवकाश आहे, असे सांगितले होते. नव्या सूत्राने तोच हिशेब मी पुन्हा मांडला तर उत्तर १९ आले. म्हणजे मार्च २०१७ मध्येच ते उंबरठ्याच्या आत होते आणि साडेतीन वर्षे, साडेतीन गुण, केवळ एका गुणाकारात गेले होते. त्या काळात त्यांचे नाव यादीत नोंदले गेले असते तर आठवड्यातून तीनदा सुईला हात देण्याची वेळ येण्याआधीच कदाचित मूत्रपिंड मिळाले असते. कदाचित हा शब्द मला त्यांच्याशी बोलताना वापरावा लागला, कारण त्याहून पक्के काही सांगणे शक्य नव्हते.

"मी कोणत्या ओळीतला, हे कोणी ठरवलं?" असे त्यांनी विचारले. याचे खरे उत्तर फार सामान्य आहे. नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या व्यक्तीने बहुधा चेहरा पाहून एका चौकटीत खूण केली असणार. माझ्या स्वतःच्या अहवालावर मात्र माझा आकडा नेहमी 'नसल्यास' या ओळीत, गोऱ्यांच्या बरोबरीने, मोजला जात आला. माझा रंग कोणत्याही अर्थाने गोरा नाही. ते सूत्र शरीर मोजत होते असे ज्यांना वाटते त्यांनी माझा हात त्या बसचालकांच्या हाताशेजारी ठेवून पाहावा.

विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे असे की यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, तेव्हा वंशवाद हा शब्द वापरू नये. माणूस सज्जन आहे आणि कामात चोख आहे, पण या मुद्द्यावर तो चुकतो. किंग शिकागोत आले ते हेतूंशी झगडायला नव्हे. जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी नॉर्थ लॉनडेल या शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत भाड्याने घर घेतले. आमच्या बसचालकांचे बालपण त्याच वस्तीत गेले. तिथे 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या नव्हत्या. तिथे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना कर्ज नाकारणारे नकाशे होते, त्यांना गोऱ्या वस्तीत घर न विकण्याचे दलालांचे ठराव होते, अवाच्या सवा किमतीचे हप्त्यावरचे करार होते. सगळे कागदावर, सभ्य भाषेत. त्या कागदांना हात घातल्यावर मात्र ५ ऑगस्ट १९६६ रोजी शिकागोतल्याच मार्केट पार्कमध्ये (Marquette Park) त्यांच्या डोक्यात दगड बसला, आणि एवढा द्वेष आपण मिसिसिपीत आणि अलाबामातही पाहिला नाही, असे त्यांना म्हणावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये, याच शहरात त्यांनी आरोग्यातला अन्याय हा सर्व विषमतांमधला सर्वांत धक्कादायक आणि अमानुष प्रकार असल्याचे सांगितले होते. आमच्या प्रवेशद्वाराशी लावलेल्या पडद्यावर त्या सोमवारी दिवसभर किंग यांच्या १९६३ च्या भाषणाचा शेवटचा, स्वप्नाचा भाग चालू होता. देशाने कृष्णवर्णीयांना दिलेला समान हक्कांचा धनादेश न वटता परत आला, हा त्याच भाषणाचा सुरुवातीचा भाग त्यात नव्हता.

मला आपल्या माणसांचाही राग येतो. राष्ट्रनिहाय कोटा रद्द करणारा १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या वातावरणात मंजूर झाला आणि त्याच दाराने आपले डॉक्टर, अभियंते इथे आले. तरीही गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत "दक्षिण शिकागोत घर बघू नका, तिकडे सगळे काळे" असे बिनदिक्कत सांगितले जाते, आणि सांगणाऱ्यांत वैद्यकीय क्षेत्रातले लोकही असतात. जातीच्या आधारावर वस्त्या कशा पाडल्या जातात हे ज्यांना घरबसल्या माहीत आहे, त्यांनी हे बोलावे याचे मला समर्थन करता येत नाही.

बसचालकांची तारीख मागे गेली. नियमामुळे देशभरात चौदा हजारांहून अधिक रुग्णांना असा गमावलेला काळ परत मिळाला, आणि त्यातला थोडा भाग आमच्या हातून झाला याचा मला अभिमान आहे. पण त्याच दिवशी उघडलेली पुढची फाईल अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बाई ज्या छोट्या दवाखान्यात जात असत तो बंद पडला आहे, अहवाल कुठे गेले ते कोणी सांगू शकत नाही, आणि नियमाला जुना, तारीख असलेला कागद लागतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच पुरावा आणायचा, ही तर चोर सोडून संन्याशाला सुळी. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांकडे वर्षानुवर्षांचे आकडे असतात. ते शोधून केंद्रांना देण्याची सक्ती त्यांच्यावर असायला हवी होती. माझ्या विभागप्रमुखांना मी हे लेखी कळवले आहे आणि उत्तर येईपर्यंत कळवत राहणार आहे.