कोण कुठल्या खोलीत झोपतं

रविवार, रात्री

अचानक संकट आलं तर शेजाऱ्यांना एकमेकांच्या मदतीला धावता यावं, म्हणून गल्लीतल्या घरांची माहिती भरून घ्यायचं काम आज जवळपास संपलं. दोन घरांची दारं उघडलीच नाहीत, तिथे पुन्हा जायला हवं. बाकीचे सगळे कागद टेबलावर पसरून बसले आहे.

कागदावर आम्ही मोजकंच विचारलं होतं. घरात किती माणसं, तान्हं बाळ किंवा जिना उतरू न शकणारं कोणी आहे का, कुणाचं औषध फ्रिजमध्येच ठेवावं लागतं का, रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं का. पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे. आणि शेवटी दोन रकाने: अडीअडचणीला तुम्ही काय देऊ शकाल, आणि तुम्हाला काय लागेल.

पहिला रकाना ओसंडून वाहतोय. शिडी, दोरखंड, गाडी, इन्व्हर्टर, नर्सिंगचा अनुभव, वायरिंगची माहिती, ‘मुलं सांभाळेन’, ‘रात्री-अपरात्री कधीही हाक मारा’. एका शाळकरी मुलीने पेन्सिलीने लिहिलंय, ‘मी खूप जोरात पळते, निरोप पोचवेन.’ समासात जागा पुरली नाही म्हणून काहींनी मागच्या बाजूला लिहिलंय. दुसरा रकाना मात्र घराघरांत कोरा. कुणी आडवी रेघ मारली आहे, कुणी ‘काही नको’. गुडघ्यांमुळे ज्यांना जिना उतरता येत नाही, त्या आजींनीसुद्धा सुवाच्य अक्षरात ‘काही नको’ लिहून खाली सही केली आहे.

खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं. द्यायला सगळे तयार आहेत, घ्यायला कोणीच तयार नाही. आणि ज्याला काय लागतं हे कुणालाच ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत ऐनवेळी कोण आणि काय घेऊन पोचणार?

सोमवार, रात्री

जपानबद्दल वाचलेलं दिवसभर डोक्यात घोळतंय. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर आणि आसपासचा परिसर भूकंपाने हादरला. ६,४०० हून जास्त माणसं गेली. घरं रस्त्यांवर कोसळलेली, पाण्याच्या वाहिन्या फुटलेल्या, एकाच वेळी ठिकठिकाणी आगी लागलेल्या. अग्निशमन दल कितीही तयारीचं असो, एवढ्या ठिकाणी एका वेळी पोचणार कसं? ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेल्या बहुतेक माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं.

त्यातही आवाजी बेटावरच्या होकुदान गावाची हकिगत विसरता येत नाही. गाव केंद्रबिंदूच्या अगदी जवळ. सुमारे ३०० माणसं घरांखाली गाडली गेली. पण गावातले स्वयंसेवक अग्निशामक आणि शेजारीपाजारी यांना कोण कुठल्या खोलीत झोपतं हे माहीत होतं. त्यामुळे सगळा ढिगारा उपसत बसायची वेळ आली नाही. नेमक्या जागी खणलं आणि त्याच दिवशी शोध संपला.

कुणाची झोपायची खोली फॉर्म भरून कळत नाही. येणं-जाणं असेल तरच कळते. आजारपणात डोकावून आलो, पलंग हलवायला हात लावला, खिडकी अडकली म्हणून बोलावणं आलं, अशा निमित्तांनी ती माहिती आपोआप साठत जाते. यातलं प्रत्येक निमित्त कुणीतरी काहीतरी मागितलं म्हणून घडतं, हे मला आज पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

कोबे शहरातल्या मानो वस्तीचंही असंच. तिथल्या लोकांनी बादल्यांची रांग लावून आग आटोक्यात ठेवली, शेजारच्या कारखान्यातले कामगारही मदतीला धावले. ही रांग त्या पहाटे अचानक उभी राहिली नव्हती. कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ही माणसं १९६० च्या दशकापासून एकत्र येत होती. पुढे झाडं लावणं, एकट्या म्हाताऱ्यांकडे लक्ष देणं, वस्तीची आखणी स्वतः ठरवणं, असं करत तीस वर्षं गेली. कुणाला हाक मारायची आणि कोण कुणाचं ऐकेल, हे तोवर ठरून गेलं होतं.

बुधवार

वरच्या मजल्यावरचे आजोबा एकटे राहतात. उभं आयुष्य फिटर म्हणून काम केलं. त्यांच्याही कागदावर ‘काही नको’. आज त्यांच्याकडे गेले ती मदत विचारायला नव्हे, मागायला. म्हटलं, “आजोबा, जिन्याचा कठडा हलतोय. कुणाला काही सुचत नाही. तुम्ही एकदा बघाल का?”

चष्मा पुसून लगेच खाली आले. कठड्याला हाताने दोन झटके दिले, वाकून बोल्ट पाहिला आणि म्हणाले, “नट नाही, भोक मोठं झालंय. नुसतं आवळून काय होणार?” मग त्यांची पत्र्याची पेटी आली, वॉशर आले, दोन पोरं पाना धरायला बसली. आजोबा बोट ठेवून दाखवत होते, कामाला हात पोरांचे. तासाभरात कठडा पक्का झाला. आणि निघताना, पेटीचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “औषधांच्या दुकानात कुणी जाणार असेल तर मला सांगत जाशील का?”

मी फक्त “हो” म्हटलं. रात्री त्यांचा कागद काढून दुसऱ्या रकान्यात ते लिहून ठेवलं.

एडगर कान या अमेरिकन कायदेतज्ज्ञाला टाइम बँकेची, म्हणजे पैशांऐवजी कामाच्या तासांची देवाणघेवाण करायची, कल्पना सुचली ती हेच अनुभवून. १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका आला. अंथरुणावर पडून सगळ्यांची सेवा घ्यायची आणि आपला कुणालाच उपयोग नाही, हे त्याला असह्य झालं. त्यातून हिशेब निघाला: कुणाचाही एक तास दुसऱ्या कुणाच्याही एका तासाएवढाच. वकिलाचा तास आणि म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवणाऱ्याचा तास सारखाच. न्यूझीलंडमध्ये लिटलटनला अशी टाइम बँक आधीपासून चालू होती. २२ फेब्रुवारी २०११ चा भूकंप त्या गावाच्या अगदी जवळ झाला, तेव्हा कोणाला कोणतं काम येतं आणि कोण एकटं आहे हे माहीत असलेलं जाळं हाताशी होतं. आमच्या गल्लीत तासांची वही ठेवायची का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. काहींना हिशेब आला की मोकळेपणा गेला असं वाटतं. पण मिंधेपणाची भीती ज्यांना फार असते, त्यांना वहीचा आधार वाटेल, हेही खरं.

शुक्रवार, उशिरा

आज जरा वाद झाला. माहिती सगळ्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर टाकावी असं दोघांचं म्हणणं होतं. मी ठाम विरोध केला. कोण एकटं राहतं, कुणाच्या घरी दिवसभर फक्त म्हातारं माणूस असतं, ही यादी फोनाफोनी फिरता कामा नये. शिवाय वीज गेली, टॉवर बंद पडला की ग्रुपचा उपयोग शून्य. शेवटी ठरलं ते असं: यादी कागदावर, दोनच घरांत, आणि प्रत्येक घराने आपल्या दोन्ही बाजूंच्या घरांची जबाबदारी घ्यायची. काही झालं की आधी आपलं घर, मग ती दोन दारं. सगळं ठीक असेल तर दाराला पांढरं कापड बांधायचं. कापड दिसलं नाही तर दार वाजवायचं, कुणी बोलावण्याची वाट बघायची नाही.

पार्किंगवरून ज्या दोन घरांचं अनेक वर्षं बोलणं नाही, ती एकमेकांच्या शेजारीच आहेत. दोघांनीही मान डोलावली. त्यांनी मित्र व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही, दार वाजवलं तरी पुष्कळ झालं.

एक काका म्हणाले, “हे सगळं सरकारने करायचं, आपण का?” त्यांचा मुद्दा मला पूर्ण नाकारता येत नाही. शेजार आहे म्हणून रुग्णवाहिका उशिरा आली तरी चालेल, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्यांच्याच बाजूने भांडेन. पण शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत काय झालं ते मी त्यांना सांगितलं. तिथे नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. लागून असलेल्या दोन वस्त्या, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. एकीत लाखामागे ४० मृत्यू, दुसरीत ४. पहिलीतली दुकानं बंद पडलेली, घरं ओस, रस्त्यावर भीती, म्हातारी माणसं दाराला कडी लावून आत. दुसरीत रस्ते गजबजलेले, बाहेर पडायला कारण होतं आणि बाहेर पडलं की भेटायला माणसं होती. शहर एकच, प्रशासन एकच.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आपल्याकडे बसायला तरी जागा कुठे आहे?”

हा प्रश्न आमच्या कागदावर नव्हताच. जिन्याखाली जुन्या सायकलींचा ढीग आहे, तो हलवला तर एक बाक सहज मावेल. आजोबांच्या पेटीलाही तिथे जागा होईल, आठवड्यातून एकदा बिघडलेल्या वस्तू घेऊन लोक येतील. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली असंच दुरुस्तीचं टेबल मांडलं गेलं आणि तिथून ती कल्पना देशोदेशी पसरली. बिघडलेला मिक्सर घेऊन येताना कुणालाही कमीपणा वाटत नाही. मागायची सवय लागायला याहून सोपी जागा मला तरी सुचत नाही.

सायकली कुणाकुणाच्या आहेत ते उद्या विचारायचं. रविवारी सकाळी राहिलेली दोन घरं, आणि आजींकडे पुन्हा एकदा. त्या पूर्वी शिवणकाम करायच्या असं कळलंय. दारांना बांधायची पांढरी कापडं अजून कापून, कडा दुमडून व्हायची आहेत.