दोन पॅकिंग बदलूनही पाणी खाणारी जीप

जीप खंबाटकी घाट चढून आली की गरम व्हायची आणि दोन दिवसांत लिटरभर पाणी खायची. खाली थेंब नाही, डिपस्टिकवर ऑइल काळं, पाणी मिसळल्यावर होतं तसं चहासारखं दुधाळ कुठेच नाही. चार सिलेंडरचं जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, अॅल्युमिनियमचं हेड (सिलेंडरवरचं झाकण). आमच्याकडे यायच्या आधी दोन वेळा हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधला, दाब आणि पाणी अडवणारा पत्रा) बदललेलं होतं.

थंड इंजिनवर सगळं निर्दोष निघालं. कूलिंग सिस्टीमला 1 बार दाब दिला, पंधरा मिनिटं काटा हलला नाही. काँप्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, चारही सिलेंडरला 27 ते 28 बार. पॅकिंग दोन सिलेंडरच्या मध्ये उडालं असतं तर शेजारचे दोन्ही आकडे पडलेले दिसले असते. फॅन बेल्ट काढून, म्हणजे वॉटर पंप बंद ठेवून, रेडिएटर काठोकाठ भरला आणि इंजिन अर्धा मिनिट चालवलं. बुडबुडा नाही, म्हणजे सिलेंडरमधला वायू पाण्यात येत नव्हता. (बेल्ट न काढता हे करू नका, पंपाने घुसळलेल्या पाण्यातले बुडबुडे पाहून चांगली हेडं उतरवलेली मी पाहिली आहेत.)

एकच गोष्ट खटकत होती. रोज सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी मिनिटभर मिसिंग करायची (एखादा सिलेंडर पेटत नसे) आणि पांढरा धूर सोडायची. म्हणून संध्याकाळी चांगली तापवून गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी चारही हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून आत गरम होणारे) काढले आणि मग इंजिन फिरवलं. चार नंबरच्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला. इथे घाई महागात पडते. पाणी दाबलं जात नाही. प्लग बसलेले असताना पुरेसं पाणी साचलं असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणजे पाणी सिलेंडरमध्ये जायची वाट गरम असतानाच उघडत होती. इंजिन बंद केलं की सिलेंडरमधला दाब जातो, पण कूलंटचा दाब बराच वेळ राहतो आणि पाणी आत झिरपतं. थंड झालं की वाट मिटते, आणि आपण तपासतो ते नेमकं तेव्हा.

मग थंड असतानाच रेडिएटर कॅपच्या जागी प्रेशर गेज लावलं आणि गाडी तापू दिली. गरम होताना दाब वाढणारच, त्यावरून काही ठरवता येत नाही. तापमान स्थिर झाल्यावर टेस्टरच्या व्हॉल्व्हने थोडा दाब सोडला. निरोगी इंजिनात तो तिथेच थांबायला हवा. इथे 2500 आरपीएमला अर्ध्या मिनिटात काटा पुन्हा 1 बारवर, तोही थरथरत, म्हणजे सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरत होता. आयडलवर आणून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल केला, म्हणजे तो सिलेंडर पेटत नाही. चार नंबरला चढ लगेच मंदावला. हा प्रयोग फक्त जुन्या पंपाच्या इंजिनवर. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत) दाब हजार बारच्या वर जातो, तिथला नट चालू इंजिनवर सैल केला तर डिझेल कातडीत घुसतं.

ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) असलेल्या गाडीत तो आधी बायपास करून बघा, लक्षणं हुबेहूब अशीच असतात. या गाडीत तो नव्हता.

हेड उतरवलं. पॅकिंगच्या फायर रिंगवर (सिलेंडरभोवतीचं धातूचं कडं) काजळीची रेघ नाही. स्ट्रेट एज आणि फीलर गेजने मोजलं, वाकडेपणा 0.05 मिमीच्या आत. तीन पिस्टनचे माथे काळे, चौथ्याचा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ. लेथवाल्याने गार पाण्यात 3 बार हवा देऊन हेड ‘ओके’ केलं. आधीच्या दोन्ही वेळी बहुधा याच पायरीवर काम थांबलं असावं. आम्ही टाकीतलं पाणी 80 अंशांपर्यंत तापवायला लावलं, हेड अर्धा तास आत ठेवलं आणि पुन्हा हवा दिली. चार नंबरच्या एक्झॉस्ट सीटपाशी (धूर सोडणारा व्हॉल्व्ह टेकतो ते कडं) बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. सीट काढल्यावर खाली केसाएवढी चीर, थेट वॉटर जॅकेटपर्यंत, म्हणजे हेडमधल्या पाण्याच्या पोकळीपर्यंत.

कारणही हेडमध्येच बसलं होतं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतल्याने मागच्या जॅकेटमध्ये क्षाराचा जाड थर जमला होता. त्यामागचा धातू तापत राहिला. त्यात थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी काढून टाकलेला. गाडी थंड राहावी म्हणून हे करतात, पण बायपासवाल्या इंजिनात बायपास उघडा राहतो आणि बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं.

सीटखालच्या चिरेवर वेल्डिंग टिकेल असं मला वाटत नाही, म्हणून नवं हेड घेतलं. पॅकिंगची जाडी डायल गेजने पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून, सर्वांत उंच पिस्टनवरून निवडली. बोल्ट नवे. बोल्टच्या भोकांतलं ऑइल हवेने उडवलं. ते राहिलं तर टॉर्क पाना खोटा बोलतो, कधी ब्लॉकच तडकतो. मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळलं आणि शेवटचा टप्पा मॅन्युअलमधल्या अंशांत. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

पूर्ण माल भरून खंबाटकी दोनदा चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर प्लग काढून पुन्हा फिरवलं. चौथं भोक कोरडं होतं.