द्रॉहेडाचा चढ

आयर्लंडमध्ये डब्लिनहून उत्तरेला जाणारी गाडी पाऊण-एक तासात द्रॉहेडाला पोचते. बॉइन नदीवरचा उंच रेल्वेपूल आणि सेंट पीटर्स चर्चमध्ये काचेआड जपलेलं संत ऑलिव्हर प्लंकेटचं शीर बघायला लोक इथे येतात. मी मात्र चढ चढून आधी लूर्द्‌स हॉस्पिटलपाशी गेले. पंचवीस वर्षं लेबर रूममध्ये नर्स म्हणून काढली, तेव्हापासून हे नाव डोक्यात आहे.

इथे १९८४ पर्यंत सिम्फिसिओटॉमी होत होती. ओटीपोटाच्या खाली, पुढच्या बाजूला दोन हाडं कूर्चेने सांधलेली असतात. तो सांधा कापायचा, हाडं फाकवायची आणि बाळाला वाट करून द्यायची. बरेचदा भूल तेवढ्या जागेपुरतीच, बाई जागी. आडगावात बाळ अडलं आणि सिझेरियनची सोयच नसली, तर मी हे समजू शकते. पण इथे ऑपरेशन थिएटर होतं. काहींचं तर सिझेरियन करून, बाळ बाहेर आल्यावर सांधा कापला, पुढच्या बाळंतपणाची तयारी म्हणून!

कारण धर्माचं होतं, कॅथलिक चर्चला संततिनियमन मान्य नव्हतं. तीन-चार सिझेरियननंतर पुढचं गरोदरपण धोक्याचं, मग बाई संततिनियमन मागणार, आणि १९३५ पासून त्याच्या साधनांच्या विक्रीवर देशात बंदी होती. म्हणून बाकी युरोपने टाकून दिलेली ही शस्त्रक्रिया डब्लिनमध्ये १९४४ च्या सुमारास पुन्हा सुरू झाली. देशभरात सुमारे दीड हजार बायकांवर ती झाली, आणि कित्येकींना काय होतंय हे कुणी सांगितलंच नाही. समोरच्या बाईपेक्षा तिच्या न झालेल्या मुलांचा विचार आधी झाला, याचा मला फार राग येतो.

मी उतरले होते त्या घरच्या आजी जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यांचं पहिलं बाळंतपण दुसऱ्या गावचं. घरी आल्यावर पाय उचलून पलंगावर टाकता येईना, तर सासू म्हणाली, बाळंतिणीला असंच होतं. नक्की काय कापलं होतं ते चाळीस वर्षांनी कळलं, रेडिओवर दुसऱ्याच एका बाईचं बोलणं ऐकून.

२०१४ मध्ये सरकारने भरपाई जाहीर केली, ५० हजार ते दीड लाख युरो. ३९९ जणींना मिळाली. आजींचा अर्ज फेटाळला गेला. जुने कागद सापडले नाहीत.

निघताना त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कापण्याआधी बाईला विचारतात ना?”

संमतिपत्रावर नवऱ्याची सही घेऊन धावत आत जाणारी मी मला आठवले. त्यांचा हात धरून मी दारात तशीच उभी राहिले.