ऊन फुकट आहे, व्याज नाही

सौर बाजाराचा नवा अहवाल आला की बहुतेकांची नजर आधी गिगावॉटवर, म्हणजे किती क्षमता बसली यावर जाते. साहजिकच आहे, आकडेच तसे आहेत. व्यवहारात वापरता येईल अशी पहिली सिलिकॉनची सौर सेल अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९५४ साली तयार झाली. तिथून जगाची एकूण सौर क्षमता १ टेरावॉटवर, म्हणजे १,००० गिगावॉटवर पोचायला २०२२ उजाडलं. दुसरा टेरावॉट त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच बसला. २०२५च्या मे महिन्यात तर चीनने एका महिन्यात सुमारे ९३ गिगावॉट उभे केले. १ जूनपासून तिथे नव्या प्रकल्पांना ठरलेल्या दराऐवजी बाजारभाव लागू होणार होता, आणि त्याआधी काम उरकायची सगळ्यांची घाई चालली होती.

मी मात्र आधी व्याजदर बघते. सौर प्रकल्पांचे आर्थिक हिशेब तपासणं हे माझं काम. प्रकल्प उभारणारी कंपनी भलीमोठी एक्सेल फाइल पाठवते आणि कर्ज देणाऱ्याच्या वतीने मी ती चाळते. पॅनेल कोणाचं, किती वॉटचं, इन्व्हर्टर कुठला, हे सगळं बघायचं असतंच, पण प्रकल्प तरणार की बुडणार हे बहुतेक वेळा व्याजाच्या रकान्यातच कळतं. त्यामुळे सौर ऊर्जेच्या भवितव्याबद्दल कोणी विचारलं की मी एकच गोष्ट सांगते: यापुढची वाढ पॅनेल किती स्वस्त होतं यावर फारशी अवलंबून नाही, पैसा कुठे किती महाग मिळतो यावर आहे.

पॅनेलचं स्वस्त होणं आता जवळजवळ संपत आलंय. १९७०च्या दशकाच्या मध्याला एका वॉटला आजच्या हिशेबाने १०० डॉलरहून जास्त पडायचे. आता घाऊक भाव १० सेंटच्या आसपास आहे. आजवर विकलेल्या पॅनेलचा एकूण आकडा दुप्पट झाला की किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, हे सौर अभियंते रिचर्ड स्वॉन्सन यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र कित्येक दशकं टिकलंय. पण ही घसरण आपोआप झालेली नाही. एखादी सेल उजेडात धरून नीट पाहा. सिलिकॉनची चकती जेमतेम १३० ते १५० मायक्रॉन जाडीची, थोडी वाकवली तरी तडकेल अशी. हिऱ्याची पूड बसवलेल्या बारीक तारेने ती कापतात, कारण कापताना भुसा होऊन जाणारं सिलिकॉनही महागाचं. वर ज्या केसासारख्या रेघा दिसतात त्या चांदीच्या. चांदीची पेस्ट जाळीतून छापून त्या उमटवतात. रेघ रुंद असेल तर ऊन अडतं आणि चांदी जास्त लागते, फार अरुंद केली तर वीज वाहायला अडथळा येतो. या रेघा वर्षानुवर्षं बारीक होत गेल्या, तरी जगातल्या चांदीच्या मागणीपैकी साधारण सहावा हिस्सा आज सौर उद्योगच उचलतो. म्हणून आता तांब्याकडे वळायची खटपट चालू आहे. असे शेकडो बारके बदल कारखान्यांत झाले, आणि त्या कामगारांबद्दल आणि इंजिनिअरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आज तेच कारखाने अडचणीत आहेत. पॉलिसिलिकॉनचा, म्हणजे सेलसाठी लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचा भाव २०२२ मध्ये किलोला ४० डॉलरच्या जवळ गेला होता, तो २०२४ मध्ये ५ डॉलरच्या आसपास उतरला. जगाला लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट बनवायची क्षमता उभी राहिली. लाँगीसारख्या बलाढ्य चिनी कंपनीला २०२४ या एका वर्षात ८ अब्ज युआनहून अधिक तोटा झाला आणि या उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. इतर देश आयातशुल्क लावून स्वतःचे कारखाने उभे करू बघतायत. त्या वादात मी इथे शिरत नाही. माझ्या दृष्टीने मुद्दा इतकाच की तोट्यात विकलं जाणारं पॅनेल याहून फार खाली येणार नाही.

आता व्याजाचं. कोळशाच्या केंद्राला इंधन रोज विकत घ्यावं लागतं, म्हणजे त्याचा खर्च आयुष्यभर पसरलेला असतो. सौर प्रकल्पाचा जवळपास सगळा खर्च पहिलं युनिट तयार व्हायच्या आधीच होऊन जातो. मग पुढची २५ वर्षं उरतो तो हप्ता. म्हणून सौर विजेचा दर म्हणजे मुख्यतः त्या हप्त्याचाच दर.

एक हिशेब करून दाखवते. सोयीसाठी धरू, १ किलोवॉट उभारायला १,००० डॉलर लागले आणि सगळे कर्जाने घेतले, २५ वर्षांच्या मुदतीने. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ६४ डॉलर. व्याज १२ टक्के असेल तर १२७.५ डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आता ऊन बघू. जर्मनीत १ किलोवॉट वर्षाला साधारण १,००० युनिट देतं, सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात १,७००. ढगाळ जर्मनीत ४ टक्क्यांनी कर्ज मिळालं तर युनिटमागे हप्ता पडतो ६.४ सेंट. तळपत्या उन्हाच्या देशात १२ टक्क्यांनी मिळालं तर ७.५ सेंट. सूर्य पावणेदोन पट देतोय, आणि तरीही वीज महाग.

हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हापासून आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचं एक वाक्य मला टोचत आलंय: जगातल्या सर्वोत्तम सौर संसाधनांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत आणि बसवलेल्या क्षमतेपैकी फक्त १ टक्का.

जर्मनीने २००० साली केलेल्या अक्षय ऊर्जेच्या कायद्याकडेही मी याच नजरेने बघते. लोकांना त्यातलं अनुदान आठवतं. मला आठवते ती सौर विजेला २० वर्षं ठरलेला दर मिळण्याची हमी. त्या हमीवर छोट्या बँकाही बिनघोर कर्ज द्यायला लागल्या, मागणी उसळली, आणि ती मागणी भागवायला चीनमध्ये कारखाने उभे राहिले. ऑस्ट्रेलियात सौर सेलचे संशोधक मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेले शी झेंगरोंग यांनी सनटेक ही पॅनेल कंपनी काढली ती २००१ मध्ये. २००५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली, २०१३ मध्ये दिवाळखोरीत. कंपनी बुडाली, पण स्वस्त पॅनेल बनवायची विद्या जगाकडे राहिली.

श्रीमंत देशांतल्या फायलींत सध्या वेगळीच अडचण दिसते, ती दुपारची. एकाच प्रदेशातली सगळी पॅनेलं एकाच वेळी वीज देतात, त्यामुळे नेमकी तेव्हाच भाव पडतो. जर्मनीत २०२४ मध्ये ४५७ तास विजेचा भाव शून्याखाली होता, म्हणजे वीज विकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत होते. वर्षभराच्या सरासरी भावाला वर्षभराच्या युनिटांनी गुणून उत्पन्न दाखवणारी फाइल आली की मी ती परत पाठवते. सौर विजेला सरासरी भाव मिळतच नाही. तिला दुपारचा भाव मिळतो, आणि शेजारी जितके प्रकल्प वाढतील तितका तो उतरत जातो. हे ओळखून बँका व्याज वाढवतात आणि हप्ता पुन्हा चढतो.

त्यामुळे बॅटरीकडे मी फार आशेने बघते. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये बॅटऱ्यांची क्षमता १० गिगावॉटच्या पुढे गेली आणि काही संध्याकाळी थोडा वेळ का होईना, तिथल्या ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याला, सर्वाधिक वीज बॅटऱ्यांनी पुरवली. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या प्रकल्पात ५.२ गिगावॉट सौर आणि १९ गिगावॉट-तास बॅटरी जोडून १ गिगावॉट वीज अहोरात्र द्यायची योजना आहे. एका गिगावॉटच्या हमीसाठी पाच पटींहून जास्त पॅनेलं! पॅनेल इतकं स्वस्त नसतं तर असा आराखडा कोणी कागदावरसुद्धा मांडला नसता. तारांचं काम मात्र रखडलंय. ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा जगभरात ३,००० गिगावॉटचे अक्षय ऊर्जा प्रकल्प ग्रिडच्या जोडणीसाठी रांगेत होते.

अंदाजांबद्दल थोडं सावध राहावं. याच संस्थेने २००९ मध्ये २०३० सालासाठी २४४ गिगावॉटचा अंदाज दिला होता; तो आकडा २०१६ मध्येच मागे पडला. २०२५ मधल्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगात सुमारे ४,६०० गिगावॉट अक्षय ऊर्जा वाढेल आणि त्यातला ८० टक्के वाटा सौरचा असेल. अमेरिका आणि चीनमधली धोरणं बदलल्यामुळे हा अंदाज आधीच्यापेक्षा थोडा खाली आणलेला आहे. मला तो पुन्हा कमीच ठरेल असं वाटतं, कारण आता पॅनेल सरकारी योजनांची वाट बघत थांबत नाही. पाकिस्तानने २०२४ मध्ये साधारण १७ गिगावॉट पॅनेलं आयात केली. ग्रिडची वीज परवडेना, तेव्हा घरांनी आणि कारखान्यांनी स्वतःच छपरं भरली. पण हे जमलं ते हातात रोख असणाऱ्यांना. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांच्या बिलात ग्रिडचा उरलेला खर्च वाढत चाललाय, आणि हे मला अजिबात मान्य नाही.

आफ्रिकेतही हालचाल दिसू लागली आहे. जून २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत चीनमधून तिथे १५ गिगावॉट पॅनेलं गेली, आदल्या वर्षीपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. मोठ्या प्रकल्पांचं मात्र अजूनही घोडं अडतं ते कर्जापाशीच. झांबियात २०१६ मध्ये जागतिक बँक गटाच्या योजनेतून सौर प्रकल्पांचा लिलाव झाला. करारांचे मसुदे तयार होते, पाठीशी हमी होती, आणि दर निघाला युनिटला ६ सेंट, आफ्रिकेत तोवरचा सर्वात कमी. पण तो दर डॉलरमधला. पुढे तिथलं चलन घसरलं, २०२० मध्ये देशाने परदेशी कर्जाचा हप्ता चुकवला. अशा वेळी वीज तीच असते, पण स्थानिक चलनात मिळवून डॉलरमध्ये फेडणाऱ्या वीज कंपनीचं ओझं वाढत जातं.

वरच्याच हिशेबात एक बदल करून बघा. १,००० डॉलरपैकी पॅनेलचे फार तर १०० असतात. ते फुकट वाटले तर १२ टक्क्यांच्या देशात युनिटमागचा हप्ता ७.५ वरून पावणेसात सेंटवर येतो. पॅनेल आहे त्या भावाने घेतलं आणि फक्त व्याज ८ टक्क्यांवर आणलं, तर तो साडेपाचवर येतो. त्यासाठी लागतात वीज कंपनीचं देणं थकलं तर भरून देणाऱ्या हमी, आणि स्थानिक चलनातलं दीर्घ मुदतीचं कर्ज. दोन्ही गोष्टी कशा करायच्या हे विकास बँकांना ठाऊक आहे, त्या करूनही झाल्या आहेत, फक्त फार थोड्या ठिकाणी.